अमेरिकी अध्यक्षांचा ‘अध्यादेश’ असतो का?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी नोकरशाहीच्या नियमांत बदल करणारा आदेश काढला, ही एकच बातमी एका वृत्तपत्रात ‘अध्यादेश’, दुसऱ्यात ‘वटहुकूम’ आणि तिसऱ्यात ‘कार्यकारी आदेश’ या शब्दांनी येते; यांपैकी बरोबर कोणता, की तिन्ही चालतात?

माझ्या मते ‘कार्यकारी आदेश’ हाच शब्द बरोबर आहे. ‘अध्यादेश’ आणि ‘वटहुकूम’ हे आज वर्तमानपत्री मराठीत एकाच अर्थाने वापरले जातात आणि तो अर्थ आपल्या राज्यघटनेने पक्का केलेला आहे. अनुच्छेद १२३ नुसार राष्ट्रपती आणि अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल जो अध्यादेश काढतात तो कायदाच असतो, फक्त तात्पुरता. दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असताना तो काढता येत नाही, आणि सभागृहे पुन्हा भरल्यावर त्यांनी त्याला कायद्याचे रूप दिले नाही तर सहा आठवड्यांनी त्याचा अंमल संपतो. ही मुदत किती महत्त्वाची आहे, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी देशाला दाखवून दिले. बिहार सरकारने १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे, काही तर चौदा वर्षांपर्यंत, जिवंत ठेवले होते, हे त्यांनी अभ्यासातून उघड केले. पुढे त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली या प्रथेला राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरवले. अध्यादेश म्हटले की जाणत्या मराठी वाचकाच्या मनात ही सगळी चौकट उभी राहते, आणि राहायलाच हवी.

अमेरिकेच्या अध्यक्षांना असा तात्पुरता कायदा करण्याचा अधिकार मुळी नाही. तेथे कायदा करण्याचे काम काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे. अध्यक्षांनी राज्यघटनेने किंवा काँग्रेसने दिलेल्या अधिकाराच्या आत राहून आपल्या हाताखालील यंत्रणेला आदेश द्यायचे. ट्रुमन यांनी १९५२ साली संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो याच कारणावरून रद्द केला. उलट, अधिकाराच्या आतला आदेश असेल तर त्याला सहा आठवड्यांची किंवा अन्य कोणतीही मुदत आपोआप लागत नाही. नवे अध्यक्ष तो मागे घेत नाहीत, काँग्रेस वेगळा कायदा करत नाही किंवा न्यायालय तो अवैध ठरवत नाही, तोवर तो चालू राहतो. बातमीत ‘अध्यादेश’ छापले की वाचक साहजिकच असे समजतो की, काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर तो बारगळेल. चुकीच्या शब्दाने होणारे खरे नुकसान हे आहे.

नोकरशाहीच्या सुधारणांतच असे आदेश इतक्या वेळा का दिसतात, याचे उत्तरही कायद्यात आहे. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना सरकारी जागा वाटायच्या, ही तेथील जुनी रीत. नेमणूक न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने १८८१ साली अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने स्पर्धा परीक्षेची पद्धत आणली. सुरुवातीला ती जेमतेम दहा टक्के जागांना लागू होती. पुढच्या जागा तिच्या कक्षेत आणण्याचा अधिकार कायद्याने अध्यक्षांकडे दिला आणि त्यांनी आदेशांद्वारे ती कक्षा वाढवत नेली. परीक्षेतून सूट द्यायच्या जागा ठरवण्याचा अधिकारही अध्यक्षांकडेच आहे. अशा जागांच्या याद्यांना तेथे ‘शेड्यूल’ म्हणतात आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिलेली आहेत. ‘शेड्यूल सी’ ही राजकीय विश्वासातील माणसांची यादी आयझेनहॉवर यांच्या काळातील, १९५३ ची. त्याच ओळीत ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश क्रमांक १३९५७ काढून धोरणाशी संबंधित कायम पदांसाठी ‘शेड्यूल एफ’ निर्माण केले, ज्यामुळे त्या पदांवरील कर्मचाऱ्यांचे बडतर्फीपासूनचे संरक्षण बरेचसे गेले असते. बायडेन यांनी २२ जानेवारी २०२१ रोजी आपल्या आदेशाने ते रद्द केले आणि ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पुन्हा पदावर आल्याच दिवशी, नाव बदलून ते परत आणले. या तिन्ही आदेशांसाठी काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही. केनेडी यांनी १९६२ साली संघराज्य सरकारच्या कर्मचारी संघटनांना वाटाघाटींचा हक्क दिला तोही आदेशानेच, आणि पुढे कार्टर यांच्या कारकिर्दीत, १९७८ साली, तो हक्क कायद्यात आला. आदेशाने दिलेले आणि कायद्याने दिलेले यांतला फरक कर्मचाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा असतो, म्हणून तो आपल्या शब्दांतही दिसला पाहिजे.

आपल्याकडे याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो अध्यादेशात नव्हे, शासन निर्णयात सापडतो, ज्याला मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंत सगळे ‘जीआर’ म्हणतात. वर क्रमांक आणि दिनांक, मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. अमेरिकी आदेशाची रचनाही याच जातीची असते: क्रमांक, कोणत्या कायद्याच्या आधारे आदेश दिला त्याचा उल्लेख, कलमवार सूचना, अध्यक्षांची सही. तरीही ‘अमेरिकेचा शासन निर्णय’ असे लिहू नये, कारण तो शब्द आपल्या राज्य शासनाच्या कागदाला इतका चिकटलेला आहे की त्यातून वेगळाच गोंधळ होईल.

‘कार्यकारी’ या शब्दावर काहींचा आक्षेप असतो, कारण तो कार्यकारी अभियंता आणि कार्यकारी संपादक यांच्यामुळे पदनामासारखा वाटतो. परंतु शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ हे शिकलेलो असतो. त्यातल्या कार्यकारी मंडळाच्या प्रमुखाचा आदेश, हा अर्थ कोणत्याही वाचकाला लागतो. मथळ्यात जागा कमी असेल तर नुसते ‘आदेश’ पुरे. ‘फर्मान’ मात्र बातमीत नको; त्यात लेखकाचे मत आधीच मिसळलेले असते, अग्रलेखात ते शोभेल.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. आदेश काढतात किंवा जारी करतात. तो ‘संमत’ किंवा ‘मंजूर’ होत नाही, कारण संमत होते ते विधेयक. आणि नव्या अध्यक्षांनी जुना आदेश काढून टाकला तर ‘कायदा रद्द केला’ असे न लिहिता ‘आदेश मागे घेतला’ किंवा ‘आदेश रद्द केला’ असे लिहावे.