मॉरिशसला पहिल्यांदा जाताय? एक दिवस पोर्ट लुईसला द्याच

अगं, बीच बघशीलच, पण एक अख्खा दिवस राजधानी पोर्ट लुईससाठी ठेव आणि सुरुवात आप्रवासी घाटापासून कर, म्हणजे भारतातून आलेले मजूर बोटीतून जिथे उतरायचे ती बंदरावरची जागा. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारावर मजूर आणले, साडेचार लाखांहून जास्त, आणि त्यातली कितीतरी माणसं ज्या १६ दगडी पायऱ्या चढून आत आली त्या अजून तिथेच आहेत. जागा छोटीये, फोटो काढून दहा मिनिटांत निघू नको प्लीज, शेजारचं म्युझियम नीट वाच. आपल्या कोकणातलेही लोक गेले होते गं त्यात, त्यांच्या वंशजांमुळे तिथे आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, जमलं तर तेव्हाच जा, मी तर रडलेच होते विसर्जन बघून.

मग ब्लू पेनी म्युझियम, १८४७ ची दुर्मिळ टपाल तिकिटं तिथे आहेत, ओरिजिनल थोडाच वेळ उजेडात दाखवतात म्हणून वेळ आधी विचार. ल मॉर्न डोंगर लांब आहे, दुसऱ्या दिवशी कर, पळालेले गुलाम तिथे लपायचे. आणि ढोलपुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) खाच, बाजारातलीच.