वाचकांचे प्रश्न : फाइलचं नाव नको, पोट तपासा

प्रश्न : वीस गाण्यांची ऑडिओ सीडी बर्न करायला घेतली, तर सॉफ्टवेअरने त्यातली तीन गाणी नाकारली. तिन्ही फाइलना एमपी3 असंच एक्स्टेन्शन (नावाचा शेवटचा भाग) आहे आणि संगणकावर ती व्यवस्थित वाजतात. अडतंय कुठे?

उत्तर : बहुतेक वेळा या फाइल मुळात एम4ए किंवा ओपस या वेगळ्या प्रकारच्या असतात आणि कुणीतरी फक्त एक्स्टेन्शन बदललेलं असतं. नाव बदललं तरी आतला कोडेक (आवाज साठवायची पद्धत) तोच राहतो. संगणकावरचे बरेच प्लेअर नाव बाजूला ठेवून आतला डेटा ओळखतात, म्हणून गाणं वाजतं. बर्निंग सॉफ्टवेअर पुष्कळदा नावावर विसंबतं आणि एमपी3 समजून उघडायला जातं, तिथेच अडतं.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये गाणं सुरू करा आणि ‘टूल्स’ मेन्यूतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. कोडेकपुढे ‘एमपीईजी ऑडिओ’ असेल तर फाइल खरी एमपी3. तिथे ‘एएसी’ (म्हणजे एम4ए) किंवा ‘ओपस’ दिसलं, तर आधी एक्स्टेन्शन मूळचं करा. मग फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडून वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करा : 16 बिट पीसीएम, सॅम्पल रेट 44,100 हर्ट्‌झ, स्टिरिओ. (विंडोजवर एम4ए उघडायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग ही लायब्ररी वेगळी जोडावी लागते.) ऑडिओ सीडीवर आवाज याच एका स्वरूपात लिहिला जातो. चार मिनिटांच्या गाण्याची वेव्ह साधारण 42 मेगाबाइटची व्हायला हवी. निम्मी झाली, तर ती मोनो राहिली किंवा सॅम्पल रेट 22,050 राहिला, असं समजा.

मधल्या टप्प्यात एमपी3 करू नका. एएसीमध्ये आवाजाचा काही भाग आधीच गेलेला असतो. पुन्हा एमपी3 केलं की आणखी जातो आणि झांजांच्या आवाजात तो फरक ऐकूही येतो.

नाव आणि कोडेक जुळत असूनही ॲपलची एम4पी किंवा मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूएमए फाइल नाकारली जात असेल, तर ती लायसन्सने कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी. ॲपल म्युझिकच्या वर्गणीवर डाउनलोड केलेली गाणीही सीडीवर बर्न होत नाहीत. ती गाणी विकत घेणं हाच सरळ मार्ग.

प्रश्न : सीडी 700 मेगाबाइटची, गाणी सगळी मिळून 150 मेगाबाइट. तरी ‘जागा अपुरी’ असा संदेश का येतो?

उत्तर : ऑडिओ सीडीची जागा मिनिटांत मोजायची : 80 मिनिटं, जास्तीत जास्त 99 ट्रॅक. एमपी3 आधी उलगडून मगच लिहिली जाते, त्यामुळे मूळ फाइल किती लहान होती याला अर्थ उरत नाही. 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 किलोबिट) 150 मेगाबाइट गाणी म्हणजे अडीच तासांहून जास्त. दोन सीडी करा, किंवा प्लेअर एमपी3 वाचत असेल तर ‘डेटा सीडी’ निवडा.

प्रश्न : मैफलीच्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून सीडी केली. प्रत्येक ट्रॅकच्या जोडावर आवाज तुटतो.

उत्तर : दोन सेकंदांची शांतता ‘ट्रॅक ॲट वन्स’ (एकेक ट्रॅक सुटा लिहायच्या) पद्धतीमुळे येते. ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी डिस्क सलग लिहिणं) निवडा आणि गॅप शून्य करा. एवढं करूनही बारीक ‘टक्’ येत असेल, तर दोष तुकडे करण्यात आहे. सीडीवरचा एक सेकंद 75 सेक्टरचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) आणि एका सेक्टरमध्ये 588 सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं. तुकडा सेक्टरच्या मध्येच संपला की उरलेली जागा शांततेने भरली जाते, तोच हा टक्. म्हणून प्रत्येक तुकड्याची लांबी 588 च्या पटीत ठेवा. ऑडॅसिटीत वेळ ‘सीडीडीए फ्रेम्स’मध्ये, म्हणजे याच सेक्टरमध्ये, दाखवायची सोय यासाठीच आहे. तुकडे मूळ वेव्हचेच करा. एमपी3 करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता स्वतःच घालतो, ती मग जोडावर ऐकू येते.

प्रश्न : बर्निंग पूर्ण झालं, संगणकावर सीडी वाजते, जुना प्लेअर मात्र ‘नो डिस्क’ दाखवतो.

उत्तर : पहिल्यांदा संगणकात डिस्क उघडून पाहा. त्यावर एमपी3 फाइल दिसल्या तर ती डेटा सीडी आहे. ट्रॅक सीडीए नावाने दिसले तर ऑडिओ सीडी. फक्त ऑडिओ वाचणाऱ्या प्लेअरला डेटा सीडी कधीच चालणार नाही.

ऑडिओ सीडी असूनही वाजत नसेल, तर डिस्कवर सीडी-आर (एकदाच लिहायची) छापलंय की सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहायची), ते बघा. आरडब्ल्यूवरून परतणारा प्रकाश सीडी-आरच्या साधारण तिसरा हिस्साच असतो आणि जुन्या लेझरला तो पुरत नाही. डिस्क ‘फायनलाइज’ (लिहिणं संपवून बंद) न करणं हीही नेहमीची चूक. तशी डिस्क संगणक वाचतो, साधा प्लेअर वाचत नाही. ती नव्याने बर्न करायची गरज नाही, त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘क्लोज डिस्क’ द्या.

प्लेअर एमपी3 वाचणारा असेल, तर डेटा सीडीवर फाइल मांडायची पद्धत यूडीएफऐवजी आयएसओ 9660 आणि जोलिएट अशी निवडा. फाइलची नावं रोमन लिपीत, छोटी आणि 01, 02 अशा आकड्यांनी सुरू होणारी ठेवा. देवनागरी नावांच्या जागी अनेक प्लेअर चौकोन दाखवतात आणि गाण्यांचा क्रमही बिघडतो.