डोळ्यांनी दिसत नसलेल्या वडिलांना घरी पोटाचं डायलिसिस स्वतः करता येईल का? (सिडको, नाशिक)

हो, मधुमेहाने नजर गेली असली तरी बोटांना नीट जाणवत असेल तर वडिलांना सीएपीडी (पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं पाणी आत सोडून काही तासांनी बाहेर काढायचं, हाताने करायचं पोटाचं डायलिसिस) स्वतः करता येईल. मी पीडी म्हणजे पोटाच्या डायलिसिसची नर्स आहे, अशा रुग्णांना शिकवते. आधी सरावाची पिशवी हातात द्यायची. नळी, क्लॅम्प, टोपण सगळं चाचपू द्यायचं. मग एकेक पायरी त्यांनी तोंडाने म्हणत करायची, क्रम तोच, सामानाची जागाही तीच. खरी कसोटी जोडणीची. टोपण काढल्यावर नळीचं टोक कशालाही लागता कामा नये, म्हणून दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर ठेवायला शिकवतो. तरी लागलंच, तर क्लॅम्प बंद ठेवून आधी डायलिसिस युनिटला फोन. पाणी आत सोडायचं नाही. हे मी पुन्हापुन्हा घोटून घेते. १.५ आणि २.५ टक्के साखरेच्या (डेक्स्ट्रोजच्या) पाण्याच्या पिशव्या हाताला सारख्याच लागतात, तेव्हा माल आला की २.५ वाल्यांना तुम्ही रबरबँड लावून वेगळ्या ठेवा. वजनकाटा, बीपी मशीन बोलणारी मिळतात. सातपूरच्या नॅबमध्ये (अंधांसाठी काम करणारी संस्था) चौकशी करून बघा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या एकट्यावर सोडू नका. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसणं ही पोटातल्या संसर्गाची पहिली खूण असते. पिशवीखाली छापील कागद धरा. अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. हे रोज घरातल्या कुणीतरी बघायचंच. पोट दुखलं किंवा ताप आला तर पाणी स्वच्छ असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.