प्लॉटचे कागद आणि पाण्याची बाटली

पावसात भिजणं, गारठा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना बाधतो, म्हणून जुलैत माझ्याकडे गर्दी असते. त्यातच गोव्यातल्या डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला असलेले, मूळचे भंडाऱ्याकडचे गृहस्थ बायको-मुलीला घेऊन आले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललाय.) मुलगी नववीत. फाईलच्या आधी त्यांनी प्लॉटचे कागद टेबलावर ठेवले. ‘‘मॅडम, जीन थेरपीनं हा आजार मुळासकट जातो म्हणतात. प्लॉट विकला तर भागेल का?’’

हल्ली हा प्रश्न सारखा येतो. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या जीन थेरपीची तिथली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटींच्या वर. इस्पितळाचा खर्च वेगळा. कागद गुपचूप पिशवीत गेले.

आईची काळजी निराळीच. ‘‘जीन बदलल्यावर पोरगी आमचीच राहील ना?’’ या प्रश्नाला हसू नये. तिला म्हटलं, परक्याचं काही घालत नाहीत हो. हिच्याच रक्ताच्या मूळपेशी काढून घेतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते असलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. जन्मानंतर शरीर त्याला ब्रेक लावतं. तो ब्रेक सैल करून पेशी परत देतात. त्याआधी मात्र जबर केमोथेरपी, जुनी अस्थिमज्जा रिकामी करायला.

इतका वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसलेली मुलगी म्हणाली, ‘‘मग मला पुढे मूल होईल?’’

आई-बाप दोघंही गप्प. मी खरं तेच सांगितलं. केमोमुळे अडचण येऊ शकते, म्हणून स्त्रीबीजं आधी गोठवून ठेवायचा विचार करतात. आणि बदल होतो तो रक्तापुरता. स्त्रीबीजात सिकलचा जीन तसाच. लग्न ठरवताना मुलाची रक्ततपासणी तेव्हाही करावीच लागेल.

शाळा सुटून ती थेट आली होती. दप्तराला लिटरची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. पाणी कमी पडलं की या आजारात दुखणं उठतं. ‘‘प्यायली नाहीस?’’

‘‘शाळेचं टॉयलेट घाण आहे.’’

आणि हायड्रॉक्सीयुरिया? ‘‘दुखलं की देते,’’ आई म्हणाली. मला खरं तर वैताग आला, पण तिचं काय चुकलं? ही गोळी दुखण्यावरची नाही, रोजची, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कोट्यवधींची थेरपी ज्या पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनच्या मागे लागलीय, तेच ही साधी कॅप्सूलही काही प्रमाणात वाढवते. मात्र घ्यायची डॉक्टर सांगतील त्याच मापात, आणि रक्ताची तपासणी न चुकवता.

मुख्याध्यापिकाबाईंना मी चिठ्ठी दिली: हिला तासाला पाणी पिऊ द्या, शिक्षकांचं टॉयलेट वापरू द्या.

ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा बाटलीत दोन बोटं पाणी होतं. वडिलांनी या खेपेला धाकट्यालाही आणलं होतं. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा रोपणासाठी जुळण्याची शक्यता चारात एक, हे त्यांनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात विचारून ठेवलं होतं. धाकट्याला एकच जाणून घ्यायचं होतं, सुई केवढी असते.