कमी बोलणाऱ्याला सिस्टिम अ‍ॅनालिस्ट होता येईल का?

प्रश्न: सर नमस्कार, मी संगमनेर तालुक्यातला, बीकॉम झालंय, बारावीला मॅथ्स होतं, सध्या गावातल्या दूध संस्थेत हिशोब बघतो. टॅली, एक्सेल चांगलं येतं. संस्थेत नवीन सॉफ्टवेअर बसवायचं होतं तेव्हा एक मॅडम आल्या होत्या, त्या नुसतं आमचं काम बघायच्या आणि प्रश्न विचारायच्या. सिस्टिम अ‍ॅनालिस्ट होत्या त्या. तेच काम करावंसं वाटतंय, पण मित्र म्हणतात इंजिनिअरिंग लागतंच आणि माझा स्वभावही कमी बोलणारा. जमेल का?

उत्तर: जमेल. सिस्टिम अ‍ॅनालिस्ट म्हणजे संस्थेचं काम समजून घेऊन सॉफ्टवेअरला काय काय हवं ते ठरवणारा माणूस. कंपन्या बीई, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर नाहीतर एमसीए (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्समधली मास्टर्स डिग्री) मागतात हे खरंय, पण बीकॉमवाल्याला एमसीएचा रस्ता आहे ना! बारावीला मॅथ्स होतं हे चांगलंच झालं, ग्रॅज्युएशनला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५, मग राज्याची एमसीए सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यायची. हा कोर्स आधी तीन वर्षांचा होता, २०२० पासून दोन वर्षांचा झालाय. कॉम्प्युटरचं बॅकग्राउंड नसेल तर ब्रिज कोर्स म्हणजे पाया पक्का करणारा जादा कोर्स करावा लागतो, त्याला घाबरू नका.

कोडिंग रोज करावं लागत नाही पण कोड वाचता आला पाहिजे, नाहीतर कुठला बदल एका दिवसात होतो आणि कुठल्याला महिना लागतो हे कळत नाही आणि मग तुम्ही ग्राहकाला भलताच शब्द देऊन बसता. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, मात्र पक्कं हवं. डेटा फ्लो डायग्राम (माहिती कुठून कुठे जाते त्याची आकृती), ईआर डायग्राम (कुठली माहिती कशाशी जोडलेली ते), यूज केस (वापरणारा सॉफ्टवेअरकडून काय करून घेतो ते) हे कोर्समध्ये येतंच, ते परीक्षेपुरतं पाठ करू नका, रोजच्या कामात तेच लागतं.

आता स्वभावाचं. तुमच्याच संस्थेचं घ्या. सॉफ्टवेअरला काय काय हवं असं विचारलं की सेक्रेटरी सांगणार, सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर, दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची उचल कापायची, झालं. पण लाइट गेली आणि फॅट मशीन बंद पडलं तर दर कशावर लावता? खातं आजोबांच्या नावावर, दूध घालते सून, मग पैसे कुणाच्या बँक खात्यात? बिल निघाल्यावर चूक सापडली तर दुरुस्त कोण करणार आणि कुणाला विचारून? हे कुणी आपणहून सांगत नाही, लपवायचं असतं म्हणून नाही, तर अंगवळणी पडलेलं असतं म्हणून. आणि सॉफ्टवेअर नेमकं इथेच अडतं. त्या मॅडम नुसत्या बघत होत्या असं तुम्हाला वाटलं ना, तेच त्यांचं काम होतं.

म्हणून कमी बोलणं आड येत नाही, उलट ऐकून घेणारा माणूस इथे जास्त चालतो. पण विचारायला लाजणारा असाल तर मात्र ते बदलावं लागेल. साहेबांसमोर "हे मला समजलं नाही, परत सांगा" म्हणता आलं पाहिजे आणि एखादी मागणी चुकीची असेल तर नाही सुद्धा म्हणता आलं पाहिजे. काउंटरवरच्या माणसाला भीती असते की कॉम्प्युटर आला की आपली नोकरी जाणार, त्याच्याशी आदराने बोललात तरच तो खरं सांगतो, आणि माझ्या मते हा गुण डिग्रीपेक्षा मोठा आहे. शिवाय लिहिता आलं पाहिजे, साध्या सरळ इंग्रजीत, कारण तुम्ही लिहिलेल्या एसआरएसवरूनच, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं ते सांगणाऱ्या कागदावरूनच प्रोग्रामर काम करणार, तिथे "योग्य ती कपात करावी" असं मोघम लिहून चालत नाही, किती, कधी, कुठल्या क्रमाने ते सगळं यावं लागतं.

ईसीबीए या बिझनेस अ‍ॅनालिसिसच्या सुरुवातीच्या सर्टिफिकेटला अनुभवाची अट नाही, पण आत्ता त्यावर पैसे घालू नका, आधी एमसीए. पास झाल्या झाल्या हे पद क्वचितच मिळतं, टेस्टिंग किंवा सॉफ्टवेअर सपोर्टमधून सुरुवात करायची तयारी ठेवा. सीईटीचा अभ्यास करता करता एक करा, तुमच्या संस्थेत दूध आल्यापासून बिल हातात पडेपर्यंत काय काय होतं ते सगळ्या अडचणींसकट चार-पाच पानांत लिहा, डेटाबेसमध्ये टेबलं कुठली लागतील ते काढा, सभासदांची नावं आणि खाते नंबर तेवढे त्यात घालू नका. इंटरव्ह्यूला ते सोबत न्या.