आधी गंगटोक, मग दार्जिलिंग: बेताचा क्रम उलटा करा

नमस्कार ताई,

तुमचा बेत मला समजला तो असा: दिवाळीत सहा रात्री, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. आधी तीन रात्री दार्जिलिंग, मग तीन रात्री गंगटोक, आणि शेवटच्या सकाळी गंगटोकहून निघून बागडोगऱ्याहून दुपारी एकचं विमान. दार्जिलिंग-गंगटोक प्रवास अर्ध्या दिवसात उरकून त्याच दुपारी गंगटोक फिरता येईल का, आणि गाडी भाड्याने घेऊन यजमानांनीच चालवली तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. क्रम उलटा करा. गंगटोक आधी, दार्जिलिंग शेवटी. हॉटेलं अजून रद्द करता येत असतील तर हे आजच करा.

कारण परतीच्या रस्त्यात आहे. गंगटोकहून बागडोगऱ्याला उतरायला मुख्य रस्ता एकच, राष्ट्रीय महामार्ग १०, तिस्तेच्या काठाकाठाने जाणारा. सव्वाशे किलोमीटर. मेल्लीपासून सेवोकपर्यंतच्या टप्प्यात एका बाजूला भुसभुशीत डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काठ पोखरणारी नदी आहे. २९ माईल, लिखुवीर, बिरिकदारा ही नावं तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतात, कारण रस्ता बंद झाला की बहुधा यांपैकीच कुठेतरी होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक हे हिमसरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि तो सगळा लोंढा तिस्तेतून खाली आला. दगडगाळाने नदीचं पात्र उंचावलं, आणि तेव्हापासून थोड्या पावसातही पाणी रस्त्याला भिडतं. रस्ता बंद असला की लाव्हा-गोरुबथान मार्गे मोठा वळसा घालून उतरावं लागतं, आणि सगळी वाहतूक त्याच अरुंद रस्त्यावर येते.

दार्जिलिंगहून मात्र बागडोगरा सत्तर किलोमीटर, तीन ते साडेतीन तास, आणि उतरायला पर्याय भरपूर. कर्सियांगहून रोहिणीचा रस्ता आहे, जुना हिल कार्ट रोड आहे, पंखाबारीचा तीव्र उतार आहे, शिवाय मिरिककडून जाणारी वाट आहे. एक अडला तर दुसरा असतो. जाताना दरडीमुळे गंगटोकला रात्री आठला पोचलात तर फक्त एक संध्याकाळ जाते. येताना तीच दरड विमान चुकवते.

हे मी अनुभवाने सांगतोय. दुसऱ्या खेपेला मी नेमका तुमच्यासारखाच बेत केला होता. मे महिना, आदल्या रात्री वळवाचा पाऊस. पहाटे पाचला गंगटोक सोडलं आणि रंगपोच्या पुढे गाड्यांच्या रांगेत साडेचार तास बसलो. आई मागच्या सीटवर गप्प बसून होती, मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. विमान गेलं. चौघांची नवी तिकिटं आणि सिलिगुडीत एक रात्र असा भुर्दंड पडला. त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा गंगटोक आधी ठेवलं.

आता दोन शहरांमधल्या प्रवासाबद्दल. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून महाबळेश्वरला जाण्याच्या हिशोबाने याकडे पाहू नका. गंगटोक ५,४०० फुटांवर आहे. तिथून रस्ता नदीपर्यंत उतरत जातो, तिस्ता बाजारला तुम्ही सातशे फुटांच्या आसपास असता, आणि तिथून तीसेक किलोमीटरमध्ये पुन्हा दार्जिलिंगजवळच्या घूमच्या ७,४०७ फुटांवर चढता. एका दिवसात एक अख्खा डोंगर उतरून दुसरा चढायचा. सरळ गेलात तर साडेचार-पाच तास, थांबत गेलात तर सात. म्हणून त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. तो रस्ता हाच त्या दिवसाचा कार्यक्रम, आणि तो खरंच तेवढा सुंदर आहे.

सकाळी आठला निघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सव्वापाचला अंधार असतो. आपल्याला सहापर्यंत उजेडाची सवय, त्यामुळे आपली माणसं इथेच हमखास चुकतात. तिस्ता बाजारहून दार्जिलिंगकडे चढणाऱ्या पेशोक रोडवर संध्याकाळी धुकंही उतरतं. अंधाराआधी दार्जिलिंगला पोचायचंच, या हिशोबाने उलटी वेळ लावा.

पहिला टप्पा राणीपूल, सिंगताम, रंगपो. सिंगतामला उकाडा जाणवायला लागेल, स्वेटर काढावे लागतील. रंगपो ही सिक्कीमची वेस. भारतीय नागरिकांना गंगटोकसाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र जवळ असू द्या. (तुमचे दीर अमेरिकेहून सोबत येण्याची शक्यता लिहिली आहे. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तरी सिक्कीमसाठी परवाना घ्यावाच लागतो, आणि जाताना रंगपोला त्याची नोंदही करावी लागते. हे विसरू नका.) सिक्कीममध्ये पर्यटक गाडीत कचऱ्याची पिशवी ठेवणं सक्तीचं आहे आणि बाटलीबंद पाण्यावर २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा घरूनच स्टीलच्या बाटल्या न्या.

रंगपो ते तिस्ता बाजार नदी सोबत असते. मेल्लीला चहा-मोमोसाठी थांबता येईल. वाटेत लाल, गोल, बोराएवढ्या मिरच्या विकायला दिसतील, त्या डल्ले खुर्सानी. लोणचं अवश्य आणा, पण लेकीपासून दूर ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून संत्रीही येतात.

तिस्ता बाजारला महामार्ग सोडून पेशोक रोडला लागलात की खरा चढ सुरू होतो. सागवान मागे पडतं, चहाचे मळे लागतात, आणि वर एका वळणावर रंगीत आणि तिस्ता या दोन नद्यांचा संगम दिसतो. रंगीतचं पाणी हिरवट, तिस्तेचं गढूळ, आणि एकत्र आल्यावरही दोन रंग काही अंतर वेगळे वाहतात. लेकीला तिथे लेपचा या इथल्या मूळ रहिवाशांची कथा सांगा. रंगीत आणि रोंगन्यू, म्हणजे तिस्ता, हे दोघं प्रेमी. संगमावर भेटायचं ठरवून डोंगरातून निघाले. तिला वाट दाखवायला साप होता, त्याला पक्षी. साप सरळ आला. पक्षी दाण्यापाण्यासाठी इकडेतिकडे भरकटला, म्हणून रंगीत उशिरा पोचला, आणि ती आपल्या आधी आलेली पाहून रागाने मागे फिरला. त्याच्या त्या रागाने पूर आला. तिस्ता बाजारात २०२३ नंतरच्या खुणा पाहिल्यावर ही कथा मला फार वेगळी ऐकू येते.

पुढे लामाहट्टा. उंच सुचीपर्णी झाडं, त्यांच्यामध्ये फडफडणाऱ्या बौद्ध पताका, बागेत बसायला जागा. जेवण इथे किंवा जवळपास घ्या, तासभर थांबा. वरच्या तळ्यापर्यंत चढण आहे, तिथे सासूबाईंना नेऊ नका. खाली बसूनही छान वाटतं. इथून दार्जिलिंग तेवीस किलोमीटर. घूमच्या आसपास गाडी, छोट्या आगगाडीचे रूळ आणि दुकानं एकाच रस्त्यावर असतात, त्यामुळे शेवटच्या सात-आठ किलोमीटरला कधीकधी तास लागतो.

आता गाडी कोण चालवणार. यजमान ताम्हिणी-वरंधा सराईतपणे चालवतात हे वाचलं, तरीही नको. अनोळखी गाडी, रुळांवरून जाणारा रस्ता, अरुंद वळणांवर मागे घ्यायची वेळ, आणि सोबत म्हातारं माणूस व मूल. त्या डोंगरातले ड्रायव्हर एका हॉर्नवरून समोर काय येतंय ते ओळखतात. पूर्ण गाडी करा. तिकडे याला ‘रिझर्व्ह’ म्हणतात, आणि दहा जण बसवून जाते ती ‘शेअर’. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी शेअर गाडीचा विचारही करू नका.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असायला हवी. सिक्कीमची टॅक्सी दार्जिलिंगमध्ये तुम्हाला सोडते, स्थळदर्शन करवत नाही, आणि बंगालची टॅक्सी सिक्कीममध्ये तसंच. सहा दिवस एकच गाडी ठेवायचा प्रस्ताव कोणी दिला तर हे विचारा. वाटेत लामाहट्टा आणि संगमाला थांबायचं आहे हे भाडं ठरवतानाच बोला, नंतर वाद नको. गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग आणि दार्जिलिंगचा चौरस्ता दोन्ही गाड्यांना बंद आहेत. म्हणून हॉटेल घेताना ‘गाडी दारापर्यंत येते का, आणि किती पायऱ्या?’ एवढे दोन प्रश्न फोनवर विचारा. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा सासूबाईंना हे जास्त उपयोगी पडेल.

तुमच्या तारखांत चौथा दिवस, म्हणजे प्रवासाचा, नेमका भाऊबिजेचा येतोय. नेपाळी घरांमध्ये तो भाईटीका. बहिणी भावांच्या कपाळी सप्तरंगी टिळा लावतात, गळ्यात मखमलीच्या फुलांची माळ घालतात, आणि बरेच ड्रायव्हर त्या दिवशी गाडी काढत नाहीत. ते योग्यच आहे, आपल्याकडेही कोण काढतो? तेव्हा गाडी महिनाभर आधी ठरवा आणि ‘भाईटीकाला येणार ना?’ असं स्पष्ट विचारा. ड्रायव्हर कां-कूं करत असला तर आग्रह करू नका. गंगटोकला चौथी रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशी निघा. दार्जिलिंगला दोन रात्री पुरतात. चौरस्त्याभोवतीच्या फेरीवरून कांचनजंगा दिसतो, ती वाट बरीचशी सपाट आहे, सासूबाईंना जमेल. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. सूर्योदय पाहायला टायगर हिलला पहाटे साडेतीनला उठून जाणं मी या कुटुंबाला सुचवणार नाही.

गंगटोकमध्ये नथुला (चीनच्या सीमेवरचा घाट) ठेवायचा तर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी ठेवा. उंची १४,००० फुटांच्या वर आहे. सोमवार-मंगळवार बंद असतो, परवाना आदल्या दिवशी काढावा लागतो. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला आणि सगळ्यांचे फोटो न्या. पॅनकार्डवर परवाना मिळत नाही. सासूबाईंनी छांगू तलावापर्यंतच जावं असं मला वाटतं, तोही १२,००० फुटांवर आहे, आणि त्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

गाडी लागण्याचं काय, हेही विचारलंय. नाश्ता हलका, तेलकट काही नको, निघण्याआधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि खिशात आल्याच्या वड्या. लेकीला गाडीत मोबाईल देऊ नका, खाली बघितलं की मळमळ वाढते. पेशोकच्या चढणीवर दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं गाडी थांबवायला सांगा, ड्रायव्हर आनंदाने थांबतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला आणि ड्रायव्हरला, दोघांनाही रस्त्याबद्दल विचारा. तिस्ता बाजारला पाणी किंवा दरड असेल तर सिंगतामहून तेमी, नामची, जोरथांग करत दार्जिलिंगला चढता येतं. तेमीचा चहामळा बघण्यासारखा आहे. पण जोरथांगहून वर येणारी पंचवीसेक किलोमीटरची चढण फारच उभी आहे, त्या वाटेला छोटी दणकट गाडी आणि रोजचा ड्रायव्हर हवा. तो स्वतःहून ‘चला’ म्हणाला तरच जा.

बसायचं कसं: सासूबाई पुढे डावीकडे, पाय लांब करता येतात. लेकीला मागे उजव्या खिडकीशी बसवा. सिंगतामपासून तिस्ता बाजारपर्यंत नदी त्याच बाजूला असते.