ट्रकचं मॉड्यूल बदला, पण मार्चचा हप्ता भरू नका

प्रश्न: माझा 2018 चा सहाचाकी ट्रक आहे, कर्ज 2023 मध्ये फिटलं. लोणंदहून वाशीला कांदा नेतो, गाडी स्वतःच चालवतो. खर्च जाऊन महिन्याला 60 हजार सुटतात, घराला 35 हजार लागतात. गेल्या महिन्यापासून इंडिकेटर आपोआप लागतात, वायपर मधेच सुरू होतो, सकाळी बॅटरी उतरलेली असते. परवा बोरघाटात दोन्ही हेडलाइट गेले. कंपनीच्या वर्कशॉपने बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे-वायपर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेल्याचं सांगून प्रोग्रामिंगसकट 42 हजार सांगितले. गॅरेजवाला 14 हजारांत सेकंडहँड टाकून देतो, पण दिल्लीहून यायला दहा दिवस. फायनान्सवाला म्हणतो, हा 9 लाखांना काढा, 26 लाखांचा नवा घ्या. खात्यात 70 हजार आहेत, पण ते पॉलिसीच्या मार्चच्या हप्त्यासाठी ठेवलेत. पॉलिसी 2022 ला बँकेतल्या साहेबांनी दिली, एफडीसारखीच आहे: 1 लाख 20 हजार दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 20 लाख. चार हप्ते भरले. मागच्या हप्त्याला व्यापाऱ्याकडून महिना 2 टक्क्यांनी 1 लाख घेतले, ते अजून फिटले नाहीत. म्हणून यंदा ट्रकचा फक्त थर्ड पार्टी विमा काढला, 22 हजार वाचले. तसंही फुल इन्शुरन्समधून मॉड्यूलचे पैसे मिळत नाहीत म्हणे. वय 41, दोन मुलं शाळेत. सेकंडहँड टाकू का?

उत्तर: नको. नवीन टाका. पण 42 हजार मोजण्याआधी दीड-दोन हजार खर्चून चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर लावून घ्या. तुम्ही सांगता ती सगळी लक्षणं मॉड्यूल गेल्याची आहेत, तशीच ती अर्थिंग सैल झाल्याची आणि कनेक्टरमध्ये पाणी जाऊन गंज धरल्याचीही आहेत. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 28 व्होल्टच्या आसपास देतो की उड्या मारतो, तेही बघायला सांगा. बंपरवर जादा फोकस आणि म्युझिकल हॉर्न असेलच, आणि त्याची वायर मूळ वायरिंगला सोलून जोडलेली असेल, तर नवं मॉड्यूलही त्याच वाटेने जाईल. एवढं तपासूनही दोष मॉड्यूलचाच निघाला, तर वर्कशॉपमध्ये टाका.

सेकंडहँडचं गणित साधं आहे. महिन्याला 60 हजार म्हणजे दिवसाला 2 हजार. दहा दिवस गाडी उभी म्हणजे 20 हजार गेले, वर मॉड्यूलचे 14: झाले 34 हजार. उरलेल्या 8 हजारांसाठी दुसऱ्या गाडीचं, दुसऱ्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल घ्यायचं आणि ते तुमच्या गाडीशी जुळलं नाही तर पुन्हा दिल्लीकडे डोळे लावून बसायचं. शिवाय आठ वर्षं उलटली की फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी काढावं लागतं, आणि तिथे दिवे-वायपर बघतातच.

फायनान्सवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. 17 लाखांचं कर्ज, 11 टक्के, पाच वर्षं: हप्ता 37 हजार. मॉड्यूलची किंमत सव्वा हप्तासुद्धा होत नाही. कर्ज फिटलेला, चालता ट्रक एका डब्यापायी विकायचा नसतो.

आता तुम्ही न विचारलेलं. मॉड्यूलचे पैसे तुमच्याकडे आहेत. ते तुम्ही पॉलिसीला देऊन बसला आहात.

ही पॉलिसी एफडी नाही. एफडी मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज जातं, इथे मधेच बाहेर पडलात तर निम्मी मुद्दल जाते. तुमच्या आकड्यांवर परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के बसतो. तो मिळवायला तुम्ही 24 टक्क्यांनी पैसे उचलले. 1 लाखावर वर्षाला 24 हजार व्याज जातंय, आणि मार्चमध्ये आणखी 50 हजार उचलायच्या बेतात आहात. ट्रक रात्रंदिवस धावतोय तो व्यापाऱ्यासाठी आणि बँकेतल्या साहेबांच्या टार्गेटसाठी. स्वतः गाडी चालवणाऱ्या, कमाई दर महिन्याला वरखाली होणाऱ्या माणसाला दहा वर्षांच्या हप्त्याचं बांधून दिलं, त्यावरूनच विकणाऱ्याने तुमच्याकडे किती पाहिलं ते कळतं.

बरं, विमा तरी पुरेसा आहे का? अशा पॉलिसीत साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे तुमच्यासाठी 12 लाख. घरखर्च 35 हजार. तीन वर्षांच्या आत संपले. मुलांची शाळाही कदाचित तोवर संपलेली नसेल.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात ट्रक नीट करा, त्या 70 हजारांतूनच. त्याच आठवड्यात 1 कोटीच्या टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा, अर्ज करा. तुमच्या वयाला वर्षाला 20 हजारांच्या आसपास धरा, पहिला हप्ता त्या 70 हजारांत उरेल त्यातूनच भरा. व्यवसाय ‘ट्रकचालक’ असाच लिहा, तंबाखू असेल तर तीही लिहा. हजार-दोन हजार वाचवायला लपवलेली गोष्ट बायकोला क्लेमच्या वेळी भोवते. टर्मचा बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात आला की मगच जुनी पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे घ्या, आधी नाही. मार्चचा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्मचं काम होऊन जातं.

4 लाख 80 हजार भरलेत, हातात 2 लाख 40 हजारांच्या आसपास येतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. पोटात गोळा येईल, येऊ द्या. हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ करा, म्हणजे भरलेले पैसे मुदतीपर्यंत तिथेच ठेवा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. धरून चला की अकरा वर्षांनी भरलेले 4 लाख 80 हजार परत मिळतील. म्हणजे आजचे 2 लाख 40 हजार अकरा वर्षांत दुप्पट, साडेसहा टक्के. कर्ज नसतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण 24 टक्क्यांचं कर्ज तीन-साडेतीन वर्षांतच दुप्पट होतं. आधी व्यापाऱ्याचे 1 लाख तोंडावर मारा. राहिलेल्यातून 22 हजार जादा भरून ट्रकचा फुल इन्शुरन्स पुन्हा घ्या, टर्मच्या हप्त्याला खात्यातून गेलेले पैसे भरून काढा, उरलेले 1 लाख ट्रकच्या नावाने एफडीत टाका. खऱ्या एफडीत.

‘फुल इन्शुरन्समधून मॉड्यूलचे पैसे मिळत नाहीत’ हे तुमचं बरोबर आहे. इलेक्ट्रिकल बिघाड त्यात बसतच नाही. पण म्हणून 9 लाखांची गाडी उघडी टाकायची? हेडलाइट गेलेला ट्रक बोरघाटात कठड्यावर गेला असता तर थर्ड पार्टीने कठड्याचे पैसे दिले असते, तुमच्या ट्रकला रुपयाही नाही. विमा काढताना मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर घेतलं होतं का, तेही पावतीवर बघा. काही शे रुपयांचं असतं, आणि स्वतः गाडी चालवणाऱ्याने ते सोडायचं नसतं.

पुढच्या वर्षापासून 1 लाख 20 हजार मोकळे, व्याजाचे 24 हजार वेगळे: महिन्याला 12 हजार. त्यातले 5 हजार टायर-बॅटरी-दुरुस्तीच्या खात्यात. टर्म आणि फुल इन्शुरन्सच्या जादा हप्त्याचे साडेतीन हजार बाजूला काढा. उरतील त्याचं पीपीएफ सुरू करा. म्युच्युअल फंडाचं आपण दोन वर्षांनी बोलू.

सरेंडरचा अर्ज घेऊन बँकेत गेलात की साहेब तुम्हाला केबिनमध्ये बसवतील, ‘फक्त एक हप्ता भरा, मग बघू’ म्हणतील, नाहीतर दुसरीच पॉलिसी पुढे सरकवतील. मूळ बॉण्ड, पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक बरोबर न्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ते टाळाटाळ करू लागले तर वाद घालत बसू नका, थेट विमा कंपनीच्या शाखेत जाऊन अर्ज द्या.